आनंदनगरीचा हिशेब

संक्रांत झाली की परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये बाजार भरायला लागतात. फलकावर कुठे ‘आनंदनगरी’ लिहिलेलं असतं, कुठे ‘बाल आनंद मेळावा’, तर कुठे ‘खरी कमाई’. पटांगणात फक्कीने चौकोन आखून दिलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात पोतं किंवा सतरंजी टाकून पाचवी-सहावीतला एखादा दुकानदार बसलेला असतो. मेथीच्या जुड्या, वांगी, शेतातले ढाळे, बोरं, चिंचा, घरचे गुलगुले, चिवडा, आणि भेळ-पाणीपुरी तर हवीच. गिऱ्हाईक म्हणजे उरलेली शाळा, गावातल्या बाया, म्हातारी माणसं, सरपंच, केंद्रप्रमुख. दोन-तीन तासांत माल उठतो. मुलं मूठभर चिल्लर आणि चुरगळलेल्या नोटा मोजत घरी जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि त्याखाली एक ओळ असते : विद्यार्थ्यांना व्यवहारज्ञान मिळावं म्हणून उपक्रम घेण्यात आला.

ही दोन-तीन तासांची उलाढाल म्हणजे गणिताची वर्षातली सगळ्यात चांगली उजळणी, असं माझं ठाम मत आहे. जानेवारीपर्यंत बहुतेक अभ्यासक्रम शिकवून झालेला असतो. नाणी-नोटा, वजनमापं, अपूर्णांक, तोंडी बेरीज-वजाबाकी, गुणाकार, मोठ्या वर्गांचा नफा-तोटा, हे सगळं परीक्षेत वेगवेगळ्या प्रश्नांत विचारतात. बाजारात ते एकाच पोत्यावर एकदम समोर येतं. पावशेर वांगी मागणारं गिऱ्हाईक, वीसची नोट, सुट्ट्यांची ओढाताण आणि मागे उभी असलेली रांग, असं सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. प्रशिक्षणात याला आता प्रकल्पातून गणित म्हणतात आणि ही नवी पद्धत म्हणून सांगतात. पण हा बाजार नवा नाही. त्याचं घराणं बरंच जुनं आहे. त्या घराण्यात काय काय होतं आणि काय काय गळालं, हे मागे मागे जात पाहिलं तर आजच्या आनंदनगरीत नेमकं कशाचं उणं आहे ते कळतं.

सगळ्यात जवळचा पूर्वज आहे कागदाचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं ठरली : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण या आकारिकाकडे गेले. गावच्या शाळेत गणितासाठी ‘प्रकल्प’ हा शब्द शिक्षकाच्या नोंदवहीत कायमचा आला तो इथून. कल्पना फार चांगली होती. पण नोंदी भरायच्या म्हणून प्रकल्प, आणि प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेले तक्ते चिकटवलेली पुठ्ठ्याची फाईल, असं पुष्कळ ठिकाणी झालं. भूमितीच्या आकारांची चित्रं कापून चिकटवणाऱ्या मुलाला कात्री चालवता येते एवढंच त्या फाईलवरून कळतं. आनंदनगरी मात्र त्या कागदात बुडाली नाही, कारण तिला गावाचा आधार होता.

हा गावाचा आधार १९९४ पासूनचा. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम देशात सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे होते औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी. पाचही मराठवाड्यातले. निवडीची मुख्य कसोटी अशी, की स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असावी. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात आजचा हिंगोलीही होता. तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. या कार्यक्रमाने गटसाधन केंद्रं आली, शिक्षकाला साहित्य करायला वर्षाला पाचशे रुपये मिळू लागले, ग्रामशिक्षण समित्या उभ्या राहिल्या आणि मेळाव्यांची सवय लागली. आईला शाळेच्या पटांगणात आणायचं तर काहीतरी निमित्त हवं. मुलांचा बाजार हे त्यातलं सगळ्यात सोपं निमित्त. भाषण ऐकायला न येणारी बाई लेकीची भजी विकली जातात का ते पाहायला हमखास येते. बाजार टिकला तो यामुळे. पण मेळावा हा मुळात गर्दी जमवण्याचा प्रकार. तिथे हिशेबाला दुय्यम जागा मिळाली.

‘खरी कमाई’ हे नाव आलं ते स्काउट-गाईडकडून. ब्रिटनमधल्या स्काउटांनी १९४९ मध्ये घरोघर लहान-मोठी कामं करून पैसे मिळवण्याचा आठवडा सुरू केला. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाईड्सने ‘खरी कमाई’ रुजवली आणि हळूहळू शाळेतल्या खाऊच्या दुकानांनाच ते नाव चिकटलं. त्याच सुमाराचा आणखी एक धागा म्हणजे कार्यानुभव. कोठारी आयोगाने (१९६४–६६) तो सुचवला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्याचं रूप दिलं. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना कार्यानुभवाच्या तासाला केलेल्या राख्या, खडू आणि कागदी फुलं आठवत असतील. त्या राखीला दोरा किती लागला, ती कितीला पडली, हे क्वचितच कुणी विचारलं. हाताचं काम एका तासाला आणि गणित दुसऱ्या तासाला, अशी फाळणी तिथे पक्की झाली.

ही फाळणी होऊ नये म्हणून जिवाचं रान करणारी माणसं त्याआधी होऊन गेली होती, आणि ती परभणीहून फार लांब नव्हती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवाल आला. त्यातलं वेळापत्रक आजही वाचण्यासारखं आहे. साडेपाच तासांच्या शाळेत सूतकताईसारख्या मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटं. गणित, संगीत आणि चित्रकला या तिन्हींना मिळून फक्त चाळीस मिनिटं. वरवर पाहता गणिताची उपेक्षाच. पण योजना अशी होती, की गणित टकळीवरच शिकायचं. चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची लटी, चार लटींची गुंडी. आज किती तारा निघाल्या, पेळू किती तोळ्यांचा होता, सूत किती वाया गेलं, वर्गाची सरासरी काय, या कातणीला मजुरी किती पडेल? शेर-तोळ्यांच्या त्या काळात हा रोजचा हिशेब मुलाने आपल्या वहीत मांडायचा होता. याला ‘समवाय’ म्हणत. कापसाच्या मुलखासाठी याहून जवळचं गणित कोणतं असणार? या योजनेतली सेवाग्रामची शाळा मध्ये बरीच वर्षं बंद पडली होती. २००५ पासून आनंद निकेतन म्हणून ती पुन्हा चालते, आणि तिथे शेती, स्वयंपाक आणि सूत यांतून गणित अजून शिकवतात.

परभणीपर्यंत मात्र ही लाट तेव्हा पोचली नाही. जिल्हा निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि शाळाच मोजक्या होत्या. गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या त्या १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यानंतर, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषद स्थापन झाल्यावर त्या तिच्याकडे आल्या.

वर्ध्याच्याही मागे गेलं की येतो प्रकल्प हा शब्दच. शिक्षणशास्त्राच्या पदविकेला बसलेला प्रत्येक जण प्रकल्प पद्धतीसमोर एकच नाव लिहितो : किलपॅट्रिक. विल्यम हर्ड किलपॅट्रिक न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात शिकवत. सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांचा प्रकल्प पद्धतीवरचा लेख आला आणि जगभर गाजला. मनापासून, हेतू ठरवून केलेलं काम हा शिक्षणाचा गाभा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागोत काढलेल्या प्रयोगशाळेत, म्हणजे शाळेतच, मुलं स्वयंपाक आणि सुतारकाम करत. धान्य मापताना अर्धा आणि पाव शिकत. किलपॅट्रिकांची पद्धत १९२० च्या दशकात पंजाबातल्या मोगा इथल्या मिशनच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत विल्यम मॅकी यांनी रुजवली आणि तिथून ती आपल्या अध्यापक विद्यालयांच्या पुस्तकांत शिरली. पण पुस्तकं एक गोष्ट सांगत नाहीत. खुद्द किलपॅट्रिकांना गणिताबद्दल फार आस्था नव्हती. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीच्या १९२० च्या अहवालाचा रोख असा होता, की माध्यमिक शाळेतल्या सगळ्याच मुलांना बीजगणित आणि भूमिती कशाला हवी. गरज पडेल त्याने गरजेपुरतं शिकावं. प्रकल्प रंगला पाहिजे, त्यात गणित आलं तर आलं, ही वृत्ती या घराण्यात त्या बाजूने आली, असं मला वाटतं. आनंदनगरीत पाहुण्यांच्या स्वागताला तास जातो आणि हिशेबाला पाच मिनिटं उरत नाहीत, तेव्हा हीच वृत्ती दिसते.

दुसऱ्या बाजूचे पूर्वज अगदी उलट स्वभावाचे. पंतोजींच्या शाळेत बाजार नव्हता, पण हिशेब पक्का होता. धुळपाटीवर अक्षर आणि अंक, आणि संध्याकाळी ओळीने बसून पाढे : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आज हे ऐकून नवल वाटतं. पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै असा हिशेब असताना अपूर्णांकाचे पाढे पाठ नसलेला माणूस बाजारात उभाच राहू शकत नव्हता. हिशेबातली एका पैची चूक शोधत रात्र जागवणारे एकनाथ आणि ती सापडल्यावरचा त्यांचा आनंद, ही गोष्ट गोदाकाठाने शतकानुशतकं सांगितली. चोख हिशेब हा इथे सद्गुण होता.

निजामाच्या मुलखात तर गणित आणखी एका पायरीने अवघड होतं. इथे राज्याचं स्वतःचं नाणं चाले, हाली सिक्का. सीमेपलीकडे इंग्रजांचं कलदार. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास परभणीवरून गेली आणि इथला कापूस थेट मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण दर. शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजायचे. मानवत किंवा सेलूच्या अडत्याकडे पट्टी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे गुणोत्तर येत नसेल तर त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागे. प्रमाणाचा धडा न आल्याची किंमत तो रोख मोजत होता. हाली सिक्का १९५० पासून भारतीय रुपयाच्या जोडीने चालला आणि १९५९ मध्ये बंद झाला. त्याआधीच, १ एप्रिल १९५७ ला, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला. दशमान पद्धतीने हिशेब सोपा केला, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर पावकी-औटकी गेली, आणि अपूर्णांक बाजारातून उठून थेट पुस्तकात जाऊन बसला. बाजारात अजूनही पावशेर, दीडपाव म्हणतात. ‘एक छेद चार’ फक्त वर्गात म्हणतात. या दोन्हींचा अर्थ एकच, हे मुलाला सांगायला हवं असतं आणि बहुधा सांगायचं राहून जातं.

या घराण्याचा मूळपुरुष मी भास्कराचार्यांना मानतो. ‘लीलावती’ लिहिली गेली ११५० मध्ये. ग्रंथ उघडताच आधी येतं नाण्यांचं कोष्टक : वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. पुढे वस्तुविनिमयाचं एक उदाहरण येतं. एका द्रम्माला तीनशे आंबे आणि एका पणाला तीस डाळिंबं असा भाव असेल, तर दहा आंबे देऊन किती डाळिंबं घ्यावीत? उत्तर सोळा. सोडवून पाहा. द्रम्माचे सोळा पण करायचे, दहा आंब्यांची किंमत पणाच्या पंधरा भागांपैकी आठ भाग येते, तिला तीसने गुणायचं. एका छोट्या प्रश्नात एककांचं रूपांतर, अपूर्णांक आणि प्रमाण तिन्ही आलं. हा आपल्याकडचा पहिला आनंदनगरीचा प्रश्न म्हणायला हरकत नाही, फरक इतकाच की आंबे आणि डाळिंबं श्लोकात आहेत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. ते यादवांचं राज्य, आणि आजचा परभणी जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता.

बाजारातलं गणित आणि पाटीवरचं गणित यांचा एकमेकांशी नेमका काय संबंध, हा प्रश्न मात्र गेल्या चाळीस वर्षांतच कसून तपासला गेला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नूनेस काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर विकणाऱ्या पाच मुलांना गाठलं. त्यांचा शोधनिबंध १९८५ चा. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, एक नारळ पस्तीसला तर दहा नारळांचे किती? तो म्हणाला तीनाचे एकशे पाच, आणखी तीनाचे मिळून दोनशे दहा, मग तीनशे पंधरा, आणि एक राहिला, तीनशे पन्नास. दहाने गुणताना शेवटी शून्य लावायचं, हा शाळेतला नियम त्याने वापरलाच नाही. ठेल्यावर या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिल्यावर ७४ टक्के, आणि नुसत्या आकड्यांची मांडणी दिल्यावर ३७ टक्के. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांच्या कामातलं गणित असंच जवळून पाहिलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं आणि जवळच्या शाळांतली, विक्रीचा अनुभव नसलेली ४७१ मुलं. बाजारातल्या मुलांचा तोंडी हिशेब पक्का, पण शाळेच्या मांडणीतली त्याहून सोपी गणितंही त्यांना सुटली नाहीत. शाळकरी मुलांचं नेमकं उलट. एका बाजारी प्रश्नाला कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी बरोबर उत्तर दिलं. शाळकरी मुलांपैकी फक्त एक टक्क्याने.

म्हणजे दोन काठ आहेत आणि मूल एका काठावरून दुसऱ्यावर आपसूक जात नाही. मुलाला नुसतं बाजारात बसवलं म्हणून त्याचं वहीतलं गणित सुधारत नाही. पाढे घोकले म्हणून बाजारात तोंड उघडत नाही. मधला पूल कुणीतरी हाताने बांधावा लागतो, आणि शाळेत तो बांधण्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे आनंदनगरीचा दुसरा दिवस.

तो पूल कसा असतो ते दाखवायला एका दुकानाचा हिशेब मांडतो. समजा दोन मैत्रिणींनी भेळ लावली. मुरमुरे ६० रुपये, फरसाण १००, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर ५०, चिंच-गूळ-तिखट ३०, द्रोण ३०. एकूण २७०. त्यात एकीने १८० घातले, दुसरीने ९०. भेळ झाली चाळीस द्रोण. तीस द्रोण दहा रुपयांनी गेले. गर्दी ओसरल्यावर सहा द्रोण पाच रुपयांनी काढून टाकले. चार त्यांनी स्वतः आणि लहान भावंडांनी खाल्ले. गल्ला ३३०, नफा ६०. बहुतेक शाळांत गोष्ट इथे संपते. खरं तर इथून सुरू व्हायला हवी.

एक द्रोण कितीला पडला? २७० भागिले ४०, म्हणजे ६ रुपये ७५ पैसे. बाकी उरते, भागाकार दशांशात जातो, आणि मुलाला पहिल्यांदा पटतं की दशांश चिन्ह कशासाठी असतं. मग पाच रुपयांना विकलेल्या प्रत्येक द्रोणावर १ रुपया ७५ पैसे तोटा, सहांचा मिळून साडेदहा रुपये. तर मग ते द्रोण विकायलाच नको होते का? वर्ग एकमुखाने ‘नको’ म्हणतो. आता दुसरा हिशेब करायला सांगा : ते सहा विकलेच नसते तर गल्ला ३००, नफा ३०. विकले म्हणून ६०. तोट्याने विकून नफा दुप्पट झाला! हे कसं, यावर सहावीचा वर्ग अर्धा तास वाद घालू शकतो. भेळ आधीच कालवलेली होती, तिचा पैसा खर्च झालेला होता, हे कुणीतरी शेवटी बोलतंच. पुढचा प्रश्न. खाल्लेल्या चार द्रोणांचे २७ रुपये धरायचे, कारण तेवढ्याला पडले, की ४० धरायचे, कारण तेवढ्याला गेले असते? आणि शेवटचा, जिथे भांडण लागतं. साठ रुपये कसे वाटायचे? भांडवलाप्रमाणे चाळीस आणि वीस, की निम्मे-निम्मे तीस-तीस, कारण दुसरी पूर्ण वेळ पोत्यावर बसली होती? नफा-तोटा सहावीला आणि भागीदारी सातवीला आहे, पण पाचवीची मुलंही हे वाटप आपल्या बुद्धीने करून पाहतात.

लहान वर्गांना यातलं त्यांच्या वाट्याचं काढून देता येतं. दुसरीने दहाची नाणी दहा-दहाच्या थप्प्या लावून मोजावीत. तिसरीने परत दिलेल्या सुट्ट्यांची वजाबाकी लिहावी. चौथीने तराजूवरची वजनं ग्रॅममध्ये लिहून किलोत बदलावीत, फक्कीच्या चौकोनांची परिमिती काढावी, कोणता पदार्थ किती खपला याचा चित्रालेख काढावा. शेजारच्या कर्नाटकात अशा शालेय बाजाराला ‘मेट्रिक मेळा’ म्हणतात आणि वजनमापांवर तिथे भर असतो. आपल्याकडे तराजू असतो, पण तो बहुधा घरचं मोठं माणूस धरतं. हे थांबायला हवं. भाव आईने ठरवायचा, माल आईने करायचा, सुट्टे वडिलांनी द्यायचे आणि मुलाने टोपी घालून फोटोला बसायचं, यात मुलाच्या डोक्याला काही काम उरत नाही. आता काही ठिकाणी मोठ्यांच्या फोनचा क्यूआर कोडही चिकटवलेला असतो. मोठ्या माणसांच्या बाजारात तो ठीक. इथे रोखीनेच व्यवहार व्हावा, कारण सुट्टे परत देणं हाच धडा आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जानेवारीत गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या कितीतरी शाळांत काही जागा रिकाम्या असतात. ती मुलं आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही जण थांबतात, सगळे नाही. फडावरच्या मुलाला उचल किती घेतली, फिटली किती, टनाचा भाव काय, मुकादमाने किती कापले, हे सगळं कानावर पडून पाठ असतं. ते गणित फार खरं आहे आणि शाळेत त्याची कुठेच नोंद होत नाही. ती मुलं परत आल्यावर त्यांच्यासाठी आनंदनगरीचा हिशेब पुन्हा एकदा मांडायला, आणि त्याच्या शेजारी उचलीचा हिशेबही मांडायला काय हरकत आहे? बाजारातल्या मुलांचं जे कोलकात्यात दिसलं, तेच या मुलांचं आहे. येतं सगळं, पण कागदावर उतरत नाही म्हणून ती मागे पडतात.

२०२४ पासून राज्यात शनिवार उपक्रमांसाठी देणारा ‘आनंददायी शनिवार’ सुरू झाला आहे. म्हणजे वेळ नाही, ही सबबही आता राहिलेली नाही. म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. यंदाच्या आनंदनगरीत उद्घाटनाचा कार्यक्रम अर्ध्या तासात आटपा. भाव मुलांना ठरवू द्या, चुकला तर चुकू द्या. प्रत्येक दुकानाला एक वही द्या आणि त्यात खर्च, विक्री, उधारी, खाल्लेलं, उरलेलं सगळं मुलाच्याच अक्षरात उतरू द्या. दुसऱ्या दिवशी पहिले तीन तास दुसरं काही ठेवू नका. त्या वह्या फळ्यासमोर वाचून घ्या, आणि पुढच्या वर्षी बाजार भरवण्याआधी त्याच वह्या नव्या दुकानदारांच्या हातात द्या.